सहाचा आठ करणारे यंत्र : छायाप्रतीच्या दोषांचा इतिहास

#थ्रेड

कार्यालयातील यंत्रातून काढलेली प्रत पुसट आली, तिच्यावर काळी रेघ उमटली किंवा कडा काळवंडल्या, तर दोष कोणालाही दिसतो. जुलै २०१३ मध्ये जर्मनीतील एका कंपनीत सापडलेला दोष मात्र असा दिसणारा नव्हता. प्रत स्वच्छ होती, रेषा सरळ होत्या, आकडे ठसठशीत होते. फक्त ते मूळ कागदावरचे आकडे नव्हते.

कागद होता एका इमारतीचा नकाशा. त्यावर प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ छोट्या चौकटीत छापले होते. तीन खोल्यांचे मूळ आकडे होते १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर ७५३५ या यंत्रावर तो नकाशा स्कॅन केला, तेव्हा तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या. नकाशात डोळ्यांना मोठी दिसणारी खोली आणि तिच्या शेजारची लहान खोली यांचे क्षेत्रफळ एकच कसे, असा प्रश्न कोणाला तरी पडला, म्हणून ही गोष्ट उघडकीस आली. खोल्या दिसायला सारख्या असत्या तर कदाचित कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

कंपनीने हा प्रकार डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाला दाखवला. अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी ओसीआर सुविधा बंद होती, हे त्याने आधी तपासले. ती चालू असती तर चूक समजण्यासारखी होती. तेथे यंत्र अक्षर वाचते आणि वाचताना चुकते. येथे यंत्राला वाचायला सांगितलेच नव्हते. केवळ चित्र घ्यायचे होते, आणि चित्रातला आकडा बदलला होता.

या घटनेचे गांभीर्य कळण्यासाठी बरोबर पंचाहत्तर वर्षे मागे जावे लागते, कारण हे यंत्र जन्माला आले तेच नकल करणाऱ्या माणसाच्या चुका टाळण्यासाठी.

चेस्टर कार्लसन हा त्याचा जनक. जन्म १९०६, सिएटल. वडील दीर्घकाळ आजारी, घरात दारिद्र्य, आणि कुटुंबाचा भार अल्पवयातच याच्या खांद्यावर. कॅलिफोर्नियातील कॅल्टेकमधून त्याने १९३० मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. महामंदीच्या काळात बेल लॅबोरेटरीजमधली नोकरी गेली आणि पुढे न्यूयॉर्कमधील पी. आर. मॅलरी या विद्युत उपकरणांच्या कंपनीत तो पेटंट विभागात लागला. पेटंटचे काम म्हणजे प्रतींचे काम. अर्जाची तपशीलपत्रे आणि आकृत्या अनेकांना लागत. मजकुराची प्रत हवी तर टंकलेखिका तो पुन्हा टंकित करी, आणि मग तो मुळाशी शब्दशः ताडून पाहावा लागे. आकृतीची प्रत हवी तर छायाचित्र काढवून घ्यावे लागे. ते खर्चिक आणि वेळखाऊ. रात्रीच्या वर्गात कायदा शिकताना महागडी पुस्तके विकत घेणे परवडत नसे, म्हणून कार्लसन ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून काढी. त्याची नजर अधू होती आणि संधिवाताने बोटे आखडत. शोधामागे कुतूहलाइतकीच ही बोटदुखीही होती, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील अ‍ॅस्टोरिया येथे भाड्याने घेतलेली एक खोली. सोबतीला ऑटो कोर्नाय हा ऑस्ट्रियातून आलेला भौतिकशास्त्रज्ञ. कोर्नायने काचपट्टीवर शाईने त्या दिवसाची तारीख आणि गावाचे नाव लिहिले. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता. तो थर रुमालाने घासून त्यावर स्थिर विद्युतभार निर्माण केला. काचपट्टी त्यावर ठेवून काही सेकंद प्रखर दिव्याचा प्रकाश टाकला. जेथे प्रकाश पडला तेथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो टिकला. मग लायकोपोडियम या वनस्पतीची बारीक भुकटी शिंपडून फुंकर मारली. भुकटी उडाली, अक्षरांवरची तेवढी चिकटून राहिली. मेणकागद दाबून ती उचलून घेतली, आणि जगातली पहिली कोरडी छायाप्रत तयार झाली.

या प्रयोगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पत्र्याला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. जेथे प्रकाश तेथे कोरे, जेथे सावली तेथे भुकटी, एवढाच त्याचा कारभार. शाईच्या जागी डाग असता तर डागाचीही तितक्याच निष्ठेने नकल झाली असती. नकलेची सारी विश्वासार्हता या अजाणपणावर उभी होती.

पुढची कथा उपेक्षेची. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक अशा वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला वाटेला लावले. १९४२ मध्ये पेटंट मिळाले. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने संशोधन हाती घेतले. रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छायाचित्रण-कागद बनवणाऱ्या लहानशा कंपनीने त्याचे हक्क मिळवले. कोरडे आणि लेखन अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून ‘झेरोग्राफी’ हे नाव घडवले गेले आणि त्यावरून पुढे कंपनीचेही नाव पडले. मराठीत तर विशेषनामाचे थेट सामान्यनाम झाले. शासकीय पत्रात ‘छायांकित प्रत’ जोडा असे लिहिलेले असते आणि ते वाचून माणूस ‘झेरॉक्स’ काढायला जातो.

सप्टेंबर १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ लोकांसमोर आले. ९ गुणिले १४ इंचांपर्यंतचा कागद त्याला चाले, म्हणून ९१४. वजन जवळजवळ तीनशे किलो, वेग मिनिटाला सात प्रती. न्यूयॉर्कच्या हॉटेलात झालेल्या प्रात्यक्षिकासाठी दोन यंत्रे आणली होती; त्यांपैकी एकाने पेट घेतला. दुसरे नीट चालले आणि वेळ निभावली. पुढेही कागद आत अडकला की तो करपत असे. म्हणून कंपनी यंत्रासोबत एक छोटे अग्निशामक नळकांडे देई, पण त्याला अग्निशामक म्हणत नसे. ‘करपनिवारक’ अशा अर्थाचे सौम्य नाव विक्रीविभागाने शोधून काढले होते. दोषाला गोंडस नाव देण्याची ही परंपरा पुढे २०१३ मध्येही कामी आली, पण ते ओघाने येईलच.

जुन्या यंत्रांचे दोष ज्याने दुरुस्त केले आहेत त्याला हे ठाऊक असते, की प्रत्येक दोष आपला पत्ता सांगतो. आतल्या गोल दंडावर, म्हणजे ड्रमवर, विद्युतभार पुरेसा बसला नाही की प्रत फिकी येते. आधीच्या प्रतीची भुकटी नीट पुसली गेली नाही, तर नव्या पानावर जुन्या पानाची पुसट छाया उमटते. ९१४ मध्ये ही भुकटी झाडण्यासाठी सशाच्या केसांचा ब्रश वापरत. इतक्या आधुनिक यंत्राच्या पोटात ससा असावा हे कोणालाही खरे वाटणार नाही. उष्णतेने भुकटी कागदात मुरली नाही, तर बोट लावताच अक्षर पुसले जाते. ड्रमवर ओरखडा असेल तर पानावर ठरावीक अंतराने तीच खूण पुन्हा पुन्हा येते, आणि ते अंतर मोजले की ड्रमचा परीघ मिळतो.

आजच्या स्कॅनरचेही तसेच. मोठ्या काचेवर कचरा पडला असेल तर पानावर एक ठिपका दिसतो. पण कागद वरच्या फीडरमधून आपोआप आत जात असेल, तर कागद सरकतो आणि वाचणारी पट्टी स्थिर राहते. मोठ्या काचेशेजारच्या चिंचोळ्या काचपट्टीवर गोंदाचा किंवा करेक्शन फ्लुइडचा एखादा कण जरी असला तरी तो पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढतो. कित्येक कार्यालयांत या रेघेसाठी टोनर बदलला जातो, ड्रम बदलला जातो, तंत्रज्ञ बोलावला जातो. खरे तर ओलसर मऊ फडक्याने ती बोटभर रुंदीची काच पुसायची असते. एक साधी परीक्षा पुरते. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून स्कॅन करावा. रेघ गेली तर दोष फीडरच्या काचेत.

हे सगळे दोष त्रासदायक, पण प्रामाणिक. ते मजकूर झाकतात, खोटा मजकूर देत नाहीत. पुसट सहा हा वाचता न येणारा आकडा असतो. तो पाहून माणूस मूळ कागद मागवतो.

मग हा प्रामाणिकपणा कोठे सुटला? यंत्राच्या पोटात प्रकाश आणि भुकटी यांच्या मध्ये संगणक येऊन बसला तेथे. ९१४ मध्ये मूळ कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश आरशांमार्गे थेट ड्रमवर पडे. पुढच्या काळातील डिजिटल यंत्रे आधी कागदाचे ठिपक्यांत रूपांतर करतात, ते स्मृतीत साठवतात आणि मग छापतात किंवा ईमेलने पाठवतात. ठिपके साठवायचे म्हणजे जागा लागते. ए४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपक्यांनी वाचले, तर काळ्या-पांढऱ्यातही सुमारे ८७ लाख ठिपके होतात. फाइल लहान करण्यासाठी ते दाबून बसवावे लागतात, त्याला संपीडन किंवा कॉम्प्रेशन म्हणतात.

जेबीआयजी२ ही अशीच एक संपीडनाची पद्धत. ती २००० सालच्या आसपास आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पुढे आली आणि पीडीएफ फाइलींतही वापरली जाऊ लागली. तिच्यामागची कल्पना हुशारीची आहे. छापील पानात एकच अक्षर शेकडो वेळा येते. मग प्रत्येक वेळी त्याचे चित्र का साठवायचे? एकदा साठवावे आणि इतर ठिकाणी फक्त ‘येथे तेच चित्र ठेवा’ अशी नोंद करावी. छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्यासारखेच हे काम आहे. खण एक, त्यातला खिळा हवा तेथे.

अडचण ‘तेच’ या शब्दात आहे. स्कॅन केलेल्या पानावर कोणतेही दोन आठ तंतोतंत सारखे नसतात. एखादा ठिपका इकडे, एखादा तिकडे. म्हणून किती साम्य असले म्हणजे दोन चित्रे एकच मानायची, याची मर्यादा ठरवावी लागते. ही पद्धत मुळावर प्रत्येक ठिपका बरहुकूम राखण्याच्या रीतीनेही वापरता येते. पण मर्यादा सैल ठेवली, अक्षर बारीक असले आणि ठिपके विरळ असले, की सहा आणि आठ यांच्यातला फरक दोन-चार ठिपक्यांवर येतो. मग यंत्र सहाचे चित्र टाकून देते आणि त्या जागी आधी साठवलेला आठ बसवते. आठ स्वच्छ आणि ठसठशीत असतो, कारण तो पानावरच्याच दुसऱ्या एखाद्या जागेचा खरा आठ असतो. नकाशातील १४.१३ ही चौकटही अशीच एका ठिकाणची उचलून इतर दोन ठिकाणी चिकटवली गेली होती. क्रीझेलच्या दुसऱ्या उदाहरणात, खर्चाच्या एका तक्त्यात, ६५.४० चे ८५.४० झाले होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांचे सगळे काम अशाच चुकांभोवती फिरते. पोथी उतरवणारा लेखनिक जेव्हा अक्षर चुकवतो, शाई सांडतो, ओळ गाळतो, तेव्हा चूक दिसते. तो जेव्हा अपरिचित शब्दाच्या जागी दिसायला जवळचा, ओळखीचा शब्द लिहितो, तेव्हा ती दिसत नाही. वाक्य उलट अधिक सुबोध होते, आणि पुढचे लेखनिक तोच पाठ निष्ठेने उतरवत जातात. म्हणूनच दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक जुना असण्याची शक्यता धरावी, असा संपादनशास्त्राचा संकेत आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ इतके शिरले होते, की शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक विनवणी करीत असे, की जसे पाहिले तसे लिहिले, चुकले असल्यास दोष मला देऊ नये. २०१३ च्या यंत्राने मानवी लेखनिकाची नेमकी हीच खोड उचलली, पण त्याची ही विनवणी मात्र कोणाला दिसेल अशा जागी नव्हती.

अगदीच नव्हती असेही नाही, आणि येथून प्रकरण तांत्रिकतेकडून उत्तरदायित्वाकडे वळते. क्रीझेलने आधी झेरॉक्सच्या साहाय्य विभागाशी संपर्क साधला. आठवडाभर विविध पायऱ्या चढूनही ठोस उत्तर मिळेना. असे काही कोणी ऐकलेच नव्हते. २ ऑगस्ट २०१३ रोजी त्याने सारा पुरावा आपल्या संकेतस्थळावर मांडला. काही दिवसांत निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपापल्या कार्यालयातील यंत्रांवर तोच प्रयोग करून तेच फळ पाहिले. मग कंपनीचे निवेदन आले. तीन दर्जांपैकी सर्वांत खालच्या, ‘नॉर्मल’ नावाच्या दर्जात अक्षरांची अदलाबदल होऊ शकते, ही सूचना यंत्राच्या व्यवस्थापन-पटलावर दिलेलीच आहे. कारखान्यातून येणारा मूळ दर्जा त्याहून वरचा असल्याने काळजीचे कारण नाही, असा त्याचा आशय होता.

या उत्तरात दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे, जो दर्जा आकडे बदलू शकतो त्याला ‘नॉर्मल’ म्हणणे. करपनिवारकाचीच ही धाकटी भावंडे. दुसरी म्हणजे, सूचना ज्या पटलावर होती ते पटल स्कॅन करणारा कारकून कधी पाहतच नाही. ते यंत्राची मांडणी करणाऱ्यासाठी असते. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ‘दर्जा थोडा कमी’ याचा अर्थ ‘अक्षर थोडे पुसट’ एवढाच होतो. ‘आकडा वेगळा’ हा अर्थ कोणाच्याही मनात येणार नाही, आणि येऊ नये हेच स्वाभाविक आहे.

शिवाय निवेदन बरोबरही नव्हते. क्रीझेलने तपास पुढे नेला आणि वरच्या दर्जांतही आकडे बदलतात हे दाखवून दिले. आता कंपनीला हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, हे मान्य करावे लागले. २२ ऑगस्टपासून दुरुस्तीचे सॉफ्टवेअर देण्यास सुरुवात झाली. क्रीझेलने मांडलेल्या हिशेबानुसार तोवर हा दोष सुमारे आठ वर्षे वर्कसेंटर आणि कलरक्यूब या मालिकांतील यंत्रांतून जगभर वावरत होता. साधी छायाप्रत काढणे किंवा छापणे यांवर त्याचा परिणाम नव्हता. बाधित होते ते स्कॅन करून फाइल साठवण्याचे काम. पण नेमक्या याच काळात कार्यालये कागदांचे गठ्ठे स्कॅन करून फाइली साठवत होती, आणि जागा वाचावी म्हणून मूळ कागद नष्ट करत होती.

शब्दातली चूक वाचकाच्या लक्षात येते, कारण शब्दाला शेजार असतो. आकड्याला तसा शेजार क्वचितच असतो. औषधाची मात्रा, पुलाच्या आराखड्यातील माप, बिलाची रक्कम. ६ आणि ८ दोन्हीही शक्य वाटतात. त्यामुळे या आठ वर्षांत किती आकडे बदलले याची मोजणी करायला कोणतीही वाट उरली नाही. चूक सापडण्यासाठी मूळ कागद लागतो, आणि मूळ कागद टाकून देता यावा म्हणून तर स्कॅन केलेला असतो.

कायद्याच्या अंगानेही प्रश्न उभा राहिला. एखाद्या वादात एका पक्षाने स्कॅन केलेले बिल पुढे केले, तर दुसरा पक्ष आता म्हणू शकत होता, की हा आकडा तुमच्या यंत्राचा आहे. प्रत खरी की खोटी हा वाद जुनाच. पण त्यात आजवर खोटेपणासाठी एखादा खोटारडा माणूस गृहीत धरावा लागे. येथे तो नव्हता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, कारकुनाने बटण योग्यच दाबले होते.

२०१५ मध्ये जर्मनीच्या संघीय माहिती-सुरक्षा कार्यालयाने, मूळ कागदाऐवजी स्कॅन जपून ठेवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक नियमांत, सारखी दिसणारी चिन्हे एकमेकांच्या जागी बसवणाऱ्या संपीडनाला मज्जाव केला. स्वित्झर्लंडमध्येही अभिलेख-जतनासाठी जेबीआयजी२ वर्ज्य ठरवण्यात आले.

दुरुस्तीचे सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रात बसवावे लागते, आणि ते बसवल्यानंतरचीच पाने सुरक्षित होतात. आधीच्या फाइली तशाच राहतात. पीडीएफ फाइल आतून उघडली, तर पानाचे चित्र कोणत्या पद्धतीने दाबले आहे याची नोंद तीत मिळते; जेबीआयजी२चे नाव तेथे असेल, तारीख २०१३ च्या आधीची असेल आणि यंत्र त्या मालिकांतले असेल, तर फाइल संशयास्पद मानता येते. पण टाकून दिलेल्या सहाचे ठिपके फाइलमध्ये कोठेही साठवलेले नसतात. त्या जागी असते ती फक्त नोंद, ‘येथे आठ ठेवा’.